सरकीचे कागद

कागदावर पहिला प्रश्न, जात.
ह्या रकान्याची मला सवय आहे.
मी लिहिलं, गावठी.
डॉक्टर मॅडमनी खोडून मिश्र केलं.
म्हणाल्या, खोब्रागडे, तिकडच्यांना गावठी कळणार नाही.
मला मिश्र कळत नाही, पण सही त्यांची.

मग जन्मतारीख.
सीतादहीच्या आठवड्यात सापडली ही,
वेचलेल्या कापसाच्या ढिगात, डोळेही न उघडलेली.
यशूनं ओढणीत बांधून आणली,
नाव ठेवलं सरकी.
तारीख कुठून आणू?
मॅडमनी दात पाहिले, बोटांवर काहीतरी मोजलं,
वीस नोव्हेंबर लिहून टाकलं.
माझीही एक जूनच आहे,
हेडमास्तरांनी लिहिलेली.

यशू गेली त्या देशाचं नाव
माझ्या जिभेवर बसत नाही.
पॅसिफिक समुद्रात आहे, नुसती बेटं.
दवाखान्याच्या फाटकावर त्याचं वानवा झालं.
"कशाची वानवा हाय जी तिथी?"
पिसाळलेल्या कुत्र्यांची, मी सांगतो,
म्हणून तर एवढी चौकशी.

एकोणतीस वर्षं मी गाईबैलांच्या कानात बिल्ले ठोकले.
ही चिप तर तांदळाच्या कणीएवढी.
मानेत गेली तेव्हा सरकीनं
एकदाच वळून पाहिलं माझ्याकडे.
यंत्र फिरवलं की पंधरा आकडे.
बंद केलं की पुन्हा कुत्री.

लस टोचल्यावर महिनाभर थांबायचं, मग रक्त.
नळी थर्माकोलात, बर्फ रसवंतीतल्या बापूरावचा,
सकाळची नागपूर एसटी,
डबा कंडक्टरच्या पायाशी, मी बाजूला.
"काय हाय मामा यात?"
"रक्त."
वर्ध्यापर्यंत तो पाय वर घेऊन बसला.

आकडा पुरेसा आला.
तरी अजून सहा महिने.
रोग लपून बसतो म्हणे,
आणि त्यांना समुद्राचं कुंपण आहे,
फाटक एकच, म्हणून जपतात.
पटलं मला. मी असतो तर मीही जपलं असतं.
सरकीला कसं पटवायचं?
गल्लीतला लंगडा भुऱ्या
रोज तुराट्यांच्या कुडाबाहेर येऊन बसतो,
ही आतून नाक लावते.
मी दोघांच्या मध्ये पोतं टांगलंय.

माती नको, गवत नको, बी नको.
म्हणून संध्याकाळी कंगवा घेतो.
पोटाखालचा आघाडा, शेपटीतलं गोखरू,
कानामागची कुसळं,
एकेक वेचून बशीत ठेवतो.
वेचणी म्हटली की हात आपोआप चालतात,
ही वावरातच आहे असं त्यांना वाटतं.
"बाबा, एकही बी यायला नको हं," फोनवर यशू.
नाही येणार, म्हणतो.
नावाचं काय ते विचारत नाही.
मग ती विचारते, तुमच्या पासपोर्टचं काय झालं?
मी सांगतो, सरकीनं आज अर्धी भाकर ठेवली,
नाक मात्र ओलं आहे, काळजी नको.

पेटी देवाजी मिस्त्रीनं केली.
उभी राहिली तर कान छताला लागू नयेत असा नियम,
तर तो म्हणाला, कान उभे धर, मोजू दे.
ती हसल्यासारखी करत होती, आम्हीही.
रात्री दार उघडंच ठेवतो, सवय व्हावी म्हणून.
आठ दिवस ती तिकडे फिरकली नाही,
पेटीला वळसा घालून पाणी प्यायची.
काल पहाटे उठलो तर आत झोपलेली,
माझी डावी चप्पल हनुवटीखाली.

चप्पल काढून घेतली, ती गुरगुरली नाही.
तळाला वावरातली काळी माती, वाळून दगड झालेली.
खिळ्यानं कोरली, ब्रशनं घासली, दोनदा,
आणि तुळईवर उन्हात ठेवली.
यादी पुन्हा काढली, इंग्रजी अक्षर अक्षर लावत.
अन्न नको, कातडं नको, लाकडाचं खेळणं नको.
चप्पल रबरी आहे.
चपलेचं कुठंच लिहिलेलं नाही.

मॅडमना विचारावं लागेल.
आज रविवार.